स्वतःचा मराठी ब्लॉग: विषय ठरवण्यापासून बॅकअपपर्यंत

ब्लॉग सुरू करायचा म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ब्लॉग चालवण्याच्या सेवांपैकी कोणती घ्यायची, ब्लॉगर की वर्डप्रेस? त्याचं उत्तर पुढे दिलं आहे आणि ते सोपं आहे. त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. स्वतःच्या अनुभवातून तुम्हाला असं काय माहीत आहे, जे मराठीत शोधलं तर धड सापडत नाही?

असं पुष्कळ असतं. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारस नोंद लावताना तलाठी कार्यालयात कोणते कागद मागितले आणि कोणत्या क्रमाने. कोकणात घर बांधताना जांभा दगड कसा पारखून घेतला. परदेशात राहून घरी ज्वारीच्या भाकरीची सोय कशी बसवली. मधुमेह झालेल्या आईसाठी रोजच्या स्वयंपाकात काय बदललं आणि घरातल्या बाकीच्यांनी ते कसं स्वीकारलं. अशा विषयांवर मराठीत शोधायला गेलं, तर बऱ्याचदा तीच ती चार वाक्यं वेगवेगळ्या संकेतस्थळांवर फिरताना दिसतात. ज्याने ते काम स्वतः केलं आहे, त्याचं सविस्तर लेखन क्वचित सापडतं. ती जागा तुम्ही भरू शकता.

आणि ते ब्लॉगवरच का लिहायचं? फेसबुकवरची पोस्ट चार दिवसांत खाली जाते, व्हॉट्सॲपवरचा मजकूर लेखकाचं नाव गळून फिरत राहतो. ब्लॉगवरचा लेख नीट ठेवला तर दहा वर्षांनीही गरजू माणसाला शोधून सापडतो. म्हणून या लेखात दोनच गोष्टींवर भर आहे: नेमकं लिहिणं, आणि लिहिलेलं टिकेल अशा रीतीने ठेवणं.

विषय: वहीत वीस मथळे

‘प्रवास’, ‘आरोग्य’, ‘मनातलं काही’ हे ब्लॉगचे विषय होत नाहीत, ते फार पसरट आहेत. वही घ्या आणि तुम्ही लिहू शकाल अशा लेखांचे वीस मथळे लिहून काढा. सहा-सातवर अडलात तर विषय फार अरुंद आहे किंवा अजून तुमचा झालेला नाही. वीस लिहूनही हात थांबत नसेल तर त्या यादीतच तुमचा ब्लॉग दडलेला आहे. सगळ्यात जास्त मथळे कोणत्या बाजूला झुकतात ते पाहा आणि सुरुवात तिथून करा.

वैयक्तिक ब्लॉगला एकच विषय हवा अशी सक्ती नाही. बागकामावर लिहिणाऱ्याने मधेच आजोळच्या गणपतीवर लिहिलं तर वाचक पळून जात नाही. पण पहिले आठ-दहा लेख एकमेकांच्या जवळचे असू द्या. नवा माणूस एक लेख वाचून दुसऱ्याकडे वळतो, तेव्हा त्याला तिथे ओळखीचं काही दिसलं पाहिजे.

जागा: ब्लॉगर, वर्डप्रेस आणि स्वतःचा पत्ता

ब्लॉगर १९९९ मध्ये सुरू झालं आणि २००३ मध्ये गूगलने घेतलं. ते फुकट आहे, होस्टिंगचा, म्हणजे इंटरनेटवर ब्लॉग ठेवायच्या जागेचा, खर्च नाही, आणि स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता, जोडायलाही ब्लॉगर वेगळे पैसे घेत नाही. वर्डप्रेस २००३ पासून आहे, पण त्या नावाच्या दोन गोष्टी आहेत. एक, वर्डप्रेस डॉट कॉम, जिथे सगळी व्यवस्था तेच पाहतात आणि फुकट योजनेत मर्यादा असतात. दुसरी, वर्डप्रेसचं मोफत सॉफ्टवेअर, जे तुम्ही स्वतः भाड्याने घेतलेल्या होस्टिंगवर बसवता. दुसऱ्या वाटेवर स्वातंत्र्य सर्वाधिक आहे, पण अपडेट, सुरक्षा आणि दरवर्षीचं बिल ही कायमची जबाबदारी गळ्यात पडते. बिल चुकलं की ब्लॉग बंद.

माझं मत स्पष्ट आहे: नवख्या माणसाने ब्लॉगर घ्यावं आणि त्याला स्वतःचं डोमेन जोडावं. त्याची सजावट जुनाट वाटेल, हरकत नाही. डोमेनवर होणारा वर्षाचा थोडा खर्च मात्र टाळू नका. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज ही वैयक्तिक पानं बनवण्याची सेवा बंद केली, तेव्हा लोकांनी हौसेने बांधलेली असंख्य पानं एका निर्णयाने गेली. पत्ता तुमचा असेल तर उद्या ब्लॉगर सोडून दुसरीकडे जाता येतं आणि वाचक त्याच पत्त्यावर येत राहतो. डोमेन जोडल्यावर ब्लॉगर जुन्या पत्त्यावरच्या वाचकालाही आपोआप नव्या पत्त्यावर पाठवतं.

डोमेन घेताना तीन गोष्टी पाहा. पहिल्या वर्षाची सवलत बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर बघा. नोंदणी तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर हवी. ब्लॉग करून देणाऱ्या ओळखीच्या मुलाच्या खात्यावर ती असेल तर पत्ता कागदोपत्री त्याचा होतो. तिसरी गोष्ट, आपोआप नूतनीकरण चालू ठेवा. देवनागरीतलं डॉट भारत डोमेन २०१४ पासून मिळतं आणि मराठी ब्लॉगला ते शोभतं, पण काही ॲप अजून त्या पत्त्याची लिंक नीट बनवत नाहीत. हौस असेल तर ते जोडीला घ्या, मुख्य पत्ता डॉट इन किंवा डॉट कॉम ठेवा.

ब्लॉग उघडल्यावर सेटिंगमध्ये भाषा मराठी करा, म्हणजे महिने आणि बटणंही मराठीत दिसतात. वेळेचा विभाग भारतीय वेळेवर आहे ना ते तपासा, नाहीतर रात्री टाकलेल्या लेखावर चुकीची तारीख पडते. ज्या गूगल खात्यावर ब्लॉग आहे, त्याला दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागितली जाते. खातं गेलं की ब्लॉग गेला.

टंकलेखन: इथे घाई नको

मराठी युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांवर आणि फोनवर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत लिहा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमधला मजकूर तुमच्याकडे असेल तर तो तसाच चिकटवला की ब्लॉगवर निरर्थक चिन्हं उमटतात, आणि शोधयंत्राला तर त्यातलं अक्षरही कळत नाही. आधी जुन्या फॉन्टचा मजकूर बदलून देणाऱ्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा, मग प्रत्येक ओळ वाचा. जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी हमखास बिघडतात. पीडीएफमधून उचललेल्या मराठीचीही हीच गत होते.

फोनवर गूगलच्या जीबोर्ड ॲपचा मराठी कळफलक पुरेसा आहे. संगणकावर रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणारी साधनं लवकर जमतात, पण लिहिणं नेमाने होणार असेल तर इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक शिका. सुरुवातीचे काही आठवडे वैताग येतो. नंतर मात्र हात विचाराबरोबर चालतो आणि साधन सुचवेल तो शब्द स्वीकारण्याची सवय सुटते. बोलून टंकणंही आता चांगलं चालतं. ज्यांना लिहिण्यापेक्षा सांगणं सोपं जातं, त्यांनी तसाच कच्चा खर्डा काढावा, फक्त विरामचिन्हं आणि परिच्छेद नंतर हाताने घालावेत.

दोन अक्षरांकडे खास लक्ष द्या. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. अर्ध्या र ची ही दोन रूपं कशी टंकायची ते आपल्या कळफलकावर पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. ‘वऱ्हाड’, ‘कैऱ्या’, ‘सुऱ्या’ असे शब्द रोज लागतात. दुसरं अक्षर ‘ॲ’. याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्याआधी लोक अ आणि चंद्र वेगवेगळे जोडून ते बनवत. दोन्ही रूपं दिसायला सारखी, पण संगणकाच्या लेखी वेगळी. त्यामुळे एका रूपात लिहिलेला शब्द दुसऱ्या रूपात शोधला तर पानावर सापडत नाही. ब्लॉगभर एकच रूप वापरा.

देवनागरी वाचनीय ठेवा

तयार टेम्प्लेट (ब्लॉगच्या मांडणीचे साचे) बहुतेक रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात, म्हणून ओळींमधलं अंतर वाढवावं लागतं. अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवायला जाऊ नका, शिरोरेषा तुटते. दोन्ही कडा सरळ करण्याच्या हट्टाने फोनच्या अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये भगदाडं पडतात, म्हणून मजकूर डावीकडे सरळ आणि उजवीकडे मोकळा सोडा. तिरपी अक्षरं देवनागरीत ओढूनताणून वाकवलेली दिसतात, जोर द्यायचा तर ठळक करा, तोही क्वचित.

फॉन्टची परीक्षा सोपी आहे. ‘ल’, ‘श’, ‘ऱ्हास’, ‘ॲप’, ‘वाङ्मय’, ‘राष्ट्र’ एवढं टंकून बघा. ल आणि श मराठी वळणाचे दिसतात की हिंदी वळणाचे, ते लगेच कळतं. मुक्ता, नोटो देवनागरी आणि खास मराठी वळणाचा तिरो देवनागरी मराठी हे मोफत मिळणारे चांगले पर्याय आहेत. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं ठेवा. आणि शेवटी घरातल्या सगळ्यात स्वस्त, जुन्या फोनवर ब्लॉग उघडून पाहा. तुमचे कितीतरी वाचक तशाच फोनवर वाचणार आहेत.

लेखाचा पत्ता: मराठी ब्लॉगरांची हमखास राहून जाणारी गोष्ट

मथळा देवनागरीत लिहिला की ब्लॉगरला त्यातून पत्ता बनवता येत नाही. तो सगळ्या लेखांना ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा असा एकसारखा पत्ता देऊन टाकतो. वर्डप्रेसमध्ये उलटी अडचण: तिथे देवनागरी पत्ता बनतो, पण लिंक कॉपी केली की एकेका अक्षरचिन्हाची नऊ-नऊ रोमन चिन्हं होतात. ‘पाऊस’ एवढा शब्द, पण लिंकमध्ये छत्तीस चिन्हं. मथळा लांब असेल तर वर्डप्रेस तो पत्ता मधेच कापतं.

उपाय दोन्हीकडे एकच. लेख प्रकाशित करण्याआधी पर्मालिंकच्या, म्हणजे लेखाच्या कायमच्या पत्त्याच्या, चौकटीत जाऊन तीन-चार शब्दांचा पत्ता स्वतः रोमन अक्षरांत टाका, शब्दांमध्ये छोटी रेघ द्या. मथळा अर्थातच मराठीत राहू द्या. आणि एकदा लेख प्रसिद्ध झाला की पत्त्याला हात लावू नका, नाहीतर लोकांनी जपून ठेवलेल्या लिंका तुटतात.

लिहिणं

ब्लॉग जाहीर करण्याआधी पाच लेख पूर्ण करून ठेवा. पहिल्या उत्साहात एक लेख टाकून सगळ्यांना कळवलं आणि पुढे महिनाभर काहीच नाही, असं झालं की आलेला वाचक परत फिरकत नाही. पाचांतले तीन एकदम प्रकाशित करा, दोन हाताशी ठेवा. पुढे पंधरा दिवसांतून एक लेख ही नोकरी-घर सांभाळणाऱ्या माणसाला झेपणारी गती आहे. रोज लिहिण्याचा संकल्प करू नका.

‘नमस्कार मित्रांनो, हा माझा पहिला ब्लॉग’ असा लेख लिहू नका. ओळख सांगायला ‘माझ्याविषयी’ नावाचं वेगळं पान करा: तुम्ही काय करता, कशावर लिहिता आणि संपर्क कसा करायचा, एवढं पुरे. पहिला लेख थेट तुमच्या सगळ्यात पक्क्या विषयावर येऊ द्या.

एक उदाहरण घेऊ. तुम्ही नाणेघाटाला जाऊन आलात. ‘एक अविस्मरणीय अनुभव’ असा मथळा दिलात तर शोधणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘नाणेघाट, वैशाखरेच्या बाजूने: वाट, पाणी आणि परतीची एसटी’ असं लिहिलंत की कल्याण-मुरबाडकडून निघणाऱ्या माणसाला कळतं, हे आपल्यासाठी आहे. आत लिहिताना निसर्गाने हिरवा शालू नेसला होता वगैरे वाक्यं सोडून द्या, ती सगळ्यांनी वाचलेली असतात. चढाला तुम्हाला किती वेळ लागला, सोबत लहान मूल होतं का, धुक्यात वाट कुठे चुकण्यासारखी आहे, वरच्या टाक्यांतलं पाणी त्या महिन्यात कसं होतं, नागनिकेचा शिलालेख असलेल्या गुहेत दुपारी किती गर्दी होती, हे लिहा. एसटीच्या वेळा दिल्या तर कोणत्या महिन्यातल्या, कोणत्या वर्षातल्या तेही लिहा. माहिती जुनी होते, तारीख दिली की वाचक फसत नाही. आणि तुम्हाला त्या गुहेत उभं राहून काय वाटलं तेही जरूर लिहा, पण तुमच्या शब्दांत आणि जेवढं वाटलं तेवढंच.

पाककृती असो की सरकारी काम, रीत हीच. प्रमाणं, वेळा, खर्च, अडलेली जागा आणि त्यावर केलेला उपाय. वाचक सगळ्यात कृतज्ञ असतो तो या अडलेल्या जागेबद्दल.

भाषा घरात बोलता ती ठेवा. ‘केलं’ लिहायचं की ‘केले’, हे एकदा ठरवा आणि लेखभर तेच पाळा. दोन्हींची सरमिसळ डोळ्यांना खुपते. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी शब्द लाजून गाळू नका. वाक्याच्या ओघात अर्थ कळेल असे ते पेरा. शुद्धलेखनाचे मराठी साहित्य महामंडळाचे नियम एकूण अठरा आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार. एका बैठकीत वाचून होतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या बहुतेक शंका तिथे मिटतात.

लिहून झाल्यावर लेख एक रात्र ठेवून द्या आणि दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल तिथे वाक्य तोडा. शुद्धलेखन तपासायला एआय साधनाची मदत घेतली तरी चालेल, अख्खा लेख मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नका. तुमच्या ब्लॉगची किंमत तुम्ही पाहिलेल्या आणि केलेल्या गोष्टींमुळे आहे, आणि त्या फक्त तुम्हालाच ठाऊक आहेत.

फोटो, कविता आणि दुसऱ्याचं खासगीपण

फोटो शक्यतो स्वतःचे वापरा. फोनमधून थेट टाकलेला फोटो कित्येक एमबीचा असतो. रुंदी १२०० ते १६०० पिक्सेलवर आणा म्हणजे गावाकडच्या नेटवर्कवरही उघडेल. घरी काढलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद दडलेली असू शकते, ती काढून टाका. गूगलवर सापडलेलं चित्र फुकट असतं हा समज चुकीचा आहे. विकिमीडिया कॉमन्सवर परवान्यासह चित्रं मिळतात, तिथे सांगितल्याप्रमाणे छायाचित्रकाराचं नाव द्या.

मराठी ब्लॉगांवर आवडत्या कवीची पूर्ण कविता टाकण्याची जुनी सवय आहे. १९५७ च्या भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. केशवसुत १९०५ मध्ये गेले, त्यांच्या कविता आज मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवर २०५९ अखेरपर्यंत हक्क आहे. रसग्रहणासाठी काही ओळी घेणं कायद्याला मान्य आहे, पूर्ण कविता छापणं वेगळं.

नात्यातल्या माणसांबद्दल लिहिताना जास्त जपा. आजारपण, भांडणं, पैशांचे व्यवहार, मुलांची शाळा आणि चेहरा, हे त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय लिहू नका. लहान मूल आज हो म्हणेल, पण तो लेख त्याच्या विशीतही सापडणार आहे. एखाद्या दुकानाचा किंवा कार्यालयाचा वाईट अनुभव लिहिताना जे घडलं, ज्याचा कागद किंवा पावती हाताशी आहे, तेवढंच लिहा. बदनामीचा कायदा ब्लॉगलाही लागू होतो.

वाचक

पहिले वाचक ओळखीचे असतात. व्हॉट्सॲपवर सगळ्या गटांत लिंक टाकत सुटू नका, ज्याला तो लेख उपयोगी आहे त्याला दोन ओळी लिहून पाठवा. ब्रॉडकास्ट यादीचा संदेश फक्त तुमचा नंबर जतन केलेल्यांनाच पोचतो, हे लक्षात ठेवा. लिंकसोबत चित्र आणि दोन ओळी दिसाव्यात म्हणून लेखात वर एक फोटो ठेवा आणि ‘शोध वर्णन’, म्हणजे लेखाचा थोडक्यात सारांश, भरा.

अनोळखी वाचक शोधातून येतो. त्यासाठी गूगल सर्च कन्सोल या गूगलच्या शोधासाठीच्या साधनात ब्लॉग नोंदवा आणि साइटमॅप, म्हणजे ब्लॉगवरच्या पानांची यादी, द्या, एकदाच करायचं काम आहे. लोक मराठी गोष्टी रोमन अक्षरांतही शोधतात, रोमन पत्त्याचा इथेही फायदा होतो. ब्लॉगरच्या आकडेवारीत अचानक परदेशातून शेकडो भेटी दिसल्या तर त्या बहुधा यंत्रांच्या असतात. तिथे दिसणाऱ्या अनोळखी लिंकवर टिचकी मारू नका. खरा मापदंड प्रतिक्रिया हा आहे. त्या तपासूनच प्रकाशित होतील अशी सोय ठेवा, आणि मनापासून लिहिणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्या. एखाद्याने चूक दाखवली तर लेखात दुरुस्ती करून खाली तारखेसह तशी नोंद टाका.

पैशांविषयी थोडक्यात: ॲडसेन्स ही गूगलची जाहिरात सेवा मराठी ब्लॉगला चालते, पण शंभर डॉलर जमेपर्यंत रक्कम हाती येत नाही, आणि छोट्या ब्लॉगला तिथवर पोचायला फार वेळ लागतो. पहिलं वर्ष जाहिराती लावू नका, त्या फोनवर मजकूर झाकतात. कुणी वस्तू किंवा पैसे देऊन लिहायला सांगितलं तर ते लेखाच्या सुरुवातीलाच ठळक लिहा.

जपणूक

लेख आधी स्वतःच्या संगणकावरच्या फाइलमध्ये लिहा, मग ब्लॉगवर चिकटवा. दर तीन महिन्यांनी सेटिंगमधून ब्लॉगचा बॅकअप उतरवून घ्या. वर्डप्रेसमध्ये तो ‘एक्स्पोर्ट’ नावाखाली असतो. या फाइलमध्ये लेख आणि प्रतिक्रिया येतात, फोटो मात्र येत नाहीत, फक्त त्यांचे पत्ते येतात. म्हणून मूळ फोटो लेखाच्या नावाच्या फोल्डरमध्ये वेगळे ठेवा आणि सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर काढा. महत्त्वाचे लेख इंटरनेट अर्काइव्हच्या, वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवरही जतन करता येतात. लेखाचा पत्ता तिथे टाकायचा, एवढंच काम.

डिसेंबर २०२३ पासून गूगल दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकू शकतं. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे, खातं वापरात राहिलं नाही तर कुणाला कळवायचं ते तिथे ठरवता येतं; तिथे विश्वासातल्या व्यक्तीचं नाव द्या. ब्लॉगरमध्ये त्या व्यक्तीला दुसरा प्रशासक म्हणूनही जोडता येतं. डोमेन कुठे घेतलं आहे, नूतनीकरण कोणत्या महिन्यात येतं आणि बॅकअप कुठे ठेवला आहे, हे एका कागदावर लिहून घरातल्या इतर कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावा आणि घरच्यांना तो कागद दाखवून ठेवा.